तळाचा साका

शनिवार, ६ सप्टेंबर २०१४, फोरबर्ग

अखेर घर मिळालं. स्टेशनपासून पायी सात मिनिटं, तिथून ट्रेनने लायडनचं माझं ऑफिस अर्ध्या तासावर. पुढच्या दारी दोन फीट्स, म्हणजे सायकली, लावायला जागा, मागे चटईएवढी बाग, बागेच्या टोकाला लाकडी शेड. स्वयंपाकघराच्या खिडकीतून फ्लीट कालव्याचा एक तुकडा दिसतो आणि त्यावरून दर अर्ध्या तासाने एखादी बोट जाते. कुकरची पहिली शिट्टी झाली तेव्हा शेजारच्या योकेबाई घाबरून दारात आल्या. त्यांना वाटलं, आमच्याकडे काहीतरी फुटलं. त्यांना आत बोलावून वरणभात वाढला. सत्तरीच्या आहेत, एकट्या राहतात, इंग्रजी माझ्याहून बरं बोलतात.

देवदत्तने सगळ्या खोल्या पाहिल्या आणि छान आहे म्हणाला. जुना देवदत्त असता तर जिन्याच्या पायऱ्या मोजल्या असत्या, भिंतीवर टिचक्या मारल्या असत्या आणि डच आर्किटेक्टांची अक्कल काढली असती. नव्या वहीच्या पहिल्या पानावर रडगाणं नको, पण एकदाच लिहून टाकते. जानेवारीत देवदत्त मिरजेला त्याच्या आईंकडे गेला होता. रविवारी सकाळी दोघे भाऊ कोल्हापूरला मिसळ खायला निघाले. गाडी देवदत्त चालवत होता. मधू, त्याचा नऊ वर्षांनी धाकटा भाऊ, शेजारी बसून बाळासाहेबमामांची नक्कल करत होता. ती बघायला देवदत्तने मान वळवली आणि वळणावर उसाची ट्रॉली उभी होती. देवदत्तला तीन टाके पडले. मधू गेला.

तेव्हापासून याने स्टिअरिंगला हात लावलेला नाही. इथे ऑफिसमधल्या एकाकडून जुनी लाल गाडी घेतली, तर हा तिच्यात मागच्या सीटवर बसतो. तीन तास झोपतो. मी ही नोकरी धरली ती त्याला तिथून उचलून आणायला. मला माझा नवरा परत हवा आहे. बाकी सगळं त्यानंतर.

रविवार, १४ सप्टेंबर

शेड उघडली. आधीचे भाडेकरू हेंक नावाचे गृहस्थ घरी बिअर करायचे. त्यांच्या मुलीने घर रिकामं केलं, पण शेडमधलं सामान तसंच राहिलं. तीस लिटरची जाड काचेची बरणी, म्हणजे बिअर आंबवायचा फर्मेंटर, रबरी नळी, मोठं पातेलं, बाटल्यांना बुचं मारायचं हातयंत्र. कोपऱ्यातल्या छोट्या फ्रिजमध्ये एकच काचेची डबी होती. तळाला तपकिरी साका, वर चमचाभर नितळ पाणी. झाकणावर डचमध्ये चिठ्ठी: फेकू नये.

योकेबाई म्हणाल्या की हेंकची बायको गेली आणि तो अगदी कोसळला. मग बिअर करायला लागला आणि तीन वर्षांत असा सावरला की गल्लीत त्याच्याइतकं आनंदी कोणी नव्हतं. आता वृद्धाश्रमात असतो.

ते ऐकून माझ्या डोक्यात आलंच. देवदत्तला हाताला काम हवं आहे आणि कॉलेजात असताना तो बिअर आवडीने प्यायचा. शिवाय आंबवणं आणि गाळणं ही तर माझी भाकरी आहे. कंपनीत दिवसभर मी हेच करते, पेशी एका बाजूला, द्रव एका बाजूला. योकेबाई म्हणाल्या, यीस्टची ताजी पाकिटं मिळतात. मी म्हटलं, आमच्याकडे विरजण विकत आणत नाहीत. माझी आई बाबांच्या प्रत्येक बदलीत विरजणाची डबी मांडीवर घेऊन बसायची. मी स्वतः इथे येताना हातरुमाल दह्यात बुडवून, वाळवून आणला आणि त्याच्यावर आज घट्ट दही लागतं. चांगलं जिवंत विरजण डबीत बसलेलं असताना पाकीट कशाला फोडायचं?

रविवार, ५ ऑक्टोबर

आज पहिला घाणा. सकाळपासून घरभर माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या सातूचा, वास, थोडासा नाचणीच्या आंबिलीसारखा. देवदत्तने तासभर पातेलं ढवळलं. मध्ये एकदाही उठून गेला नाही. उकळताना हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी वाळकी फुलं, टाकले, रस सिंकमधल्या बर्फात गार केला, बरणीत ओतला आणि हेंकची अख्खी डबी त्यात रिकामी केली. मला स्वतःला बिअर कडू लागते, त्यामुळे चवीचं खातं देवदत्तकडे.

रविवार, १९ ऑक्टोबर

बिअर बाटल्यांत भरली. रंग सुरेख, पण बरणीच्या तळाशी चार बोटं साका. दोन बोटं ठीक होतं. चार म्हणजे माझ्यासारखीला लाज वाटावी असा प्रकार. कारण उघड आहे, हॉप्सचा चोथा मी गाळलाच नव्हता आणि पातेल्याच्या तळाचा चिखलही घाईत बरणीत गेला. पुढच्या वेळी सुती पंच्यातून गाळीन. शिवाय पातेल्यात पळी गोल गोल फिरवून थांबायचं, म्हणजे गाळ मधोमध गोळा होतो आणि कडेने स्वच्छ रस काढता येतो.

साका फेकला नाही. वर थोडी बिअर ठेवून बरणी झाकली. पुढचा घाणा थेट त्यावरच ओतायचा, घरी बिअर करणारे पुष्कळ लोक असंच करतात.

रविवार, ९ नोव्हेंबर

दहा दिवस झाले, देवदत्त संध्याकाळी जेवणाआधी एक ग्लास घेतो. बिअर काचेसारखी नितळ आहे. काल तो सलग सहा तास झोपला. आज योकेबाईंच्या मांजराने माझ्या पोळीच्या डब्यावर बैठक मारली, तेव्हा तो हसला. नुसते ओठ ताणून नव्हे, पोट हलेपर्यंत हसला. मी बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं.

दुसरा घाणा घातला. पंच्याने गाळलं, पळीने फिरवलं, रात्रभर शेडच्या गारठ्यात ठेवून तळाचा चिखल सोडून वरचा रस घेतला. एक गोष्ट मात्र कळली नाही. बरणी उघडली तेव्हा साका चारऐवजी पाच बोटं होता. तीन आठवडे त्यात कोणी काही घातलेलं नाही. फुगला असेल. अगदी तळाला चमचा घालून दोन चमचे डबीत काढले आणि डबी घरातल्या फ्रिजमध्ये लोणच्यामागे ठेवली. घाणा बिघडला तर विरजण हाताशी असावं.

रविवार, ३० नोव्हेंबर

बरणीवर मार्करने रेघा मारायला लागले आहे. कामाची सवय. यीस्ट शांत झालंय, बुडबुडे थांबलेत, आता साका दबायला हवा. तो चढतो आहे. आणि चढतो तो सकाळी, आदल्या संध्याकाळी देवदत्त ग्लास प्यायला असेल तरच. गुरुवारी, शुक्रवारी तो सर्दीने प्यायला नाही, तर रेघ जागच्या जागी. शनिवारी प्यायला, आज अर्ध्या नखाने वर.

बोटाच्या पेराएवढा साका ऑफिसात नेऊन मायक्रोस्कोपखाली पाहिला. यीस्टच्या पेशी थोड्या. बाकी सगळं तपकिरी, बारीक, माझ्या ओळखीचं नसलेलं. त्यावर मी काही निष्कर्ष काढला नाही. खरं म्हणजे मला काढायचाच नव्हता. कारण काल देवदत्तने लाल गाडी धुतली, पुसली, मग दार उघडून स्टिअरिंगमागे बसला आणि आरशात बघून केस नीट केले.

रविवार, २१ डिसेंबर

तिसरा घाणा. साक्याने बरणी निम्मी भरली आहे, रस जेमतेम चौदा लिटर मावला. आता त्याला थर दिसतात. तळाचा जवळजवळ काळा, वर मातकट, त्यावर फिकट पिवळा. माझ्या धंद्यातला पहिला नियम, जड असेल ते आधी खाली बसतं. तळाच्या थराचा वास मला झाकण उघडल्या उघडल्या कळला. ओल्या उसाचा, आणि त्यात डिझेलचा.

देवदत्त मजेत आहे. योकेबाईंचं नळाचं काम करून देतो, शीळ घालतो. आईंचा मिरजेहून फोन येतो, तेव्हा त्या म्हणतात, माझा देवा परत आला गं. मी काल मुद्दाम अपघाताचा विषय काढला. तो क्षणभर आठवल्यासारखं करून म्हणाला की हो, गाडीचं काहीतरी झालं होतं खरं, दुरुस्त झाली ना ती?

तरी संध्याकाळी मीच ग्लास भरला. हे इथे लिहून ठेवते, कारण दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही. मला समजायला लागलं होतं आणि तरी मी भरला. रात्र रात्र जागणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याकडे दहा महिने बघत बसलेली बाई दुसरं काय करील?

रविवार, ११ जानेवारी २०१५

आज मधूचं वर्षश्राद्ध. वडील नाहीत, मधूचं लग्न झालेलं नव्हतं, तेव्हा करायचं ते देवदत्तनेच. सप्टेंबरात त्याने आईंना शब्द दिला होता की कुठेही असलो तरी पहिल्या वर्षाचं मीच करणार. मिरजेत गुरुजी आणि आई लॅपटॉपसमोर, इकडे पाटावर देवदत्त. दर्भ आणि तीळ मी हेगमधल्या दुकानातून आणले होते. तो शहाण्या मुलासारखा बसला. पाणी सोडा म्हटलं, सोडलं. डावीकडे वळा म्हटलं, वळला. मग गुरुजी म्हणाले, आता त्यांचं नाव घ्या.

देवदत्तने अगदी नम्रपणे विचारलं, कोणाचं?

गुरुजींना वाटलं आवाज तुटला. त्यांनी पुन्हा सांगितलं. त्याने पुन्हा विचारलं. आई पुढे सरकल्या, त्यांचं कपाळ पडद्यावर एवढं मोठं दिसायला लागलं. म्हणाल्या, देवा, अरे मधू. तो त्यांच्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे वळून दबक्या आवाजात म्हणाला की या बाई खूप दुःखात दिसतात, त्यांना पाणी द्यायला सांग ना कोणीतरी.

लॅपटॉप मी बंद केला. आई अजून फोन करताहेत. मी उचलत नाही.

रविवार, १८ जानेवारी

बिअर बंद. सगळ्या बाटल्या गाडीच्या डिकीत टाकून कुलूप लावलं. तो रागावला नाही. आता तो रागावतच नाही. तुला हवं तसं, म्हणाला.

हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नेलं. त्यांनी तारीख विचारली, उलटे आकडे म्हणायला लावले. सगळं बरोबर आलं. ताण असेल म्हणाल्या, पुढच्या तपासणीची तारीख मार्चमधली मिळाली.

आठवडाभर त्याने थेंब घेतलेला नाही. रेघ तरी चढते आहे. रोज. आता साक्याला त्याच्या पिण्याची गरज उरलेली नाही.

रविवार, १ फेब्रुवारी

योकेबाईंच्या मागे लागून हेंकना भेटून आले. खिडकीशी बसले होते. गुलाबी गाल, स्वच्छ कपडे, डोळे निळे आणि रिकामे. योकेबाई तीस वर्षं त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहिल्या. त्यांना ते म्हणाले, आपण भेटलो नाही वाटतं, मी हेंक. त्यांची मुलगी दर गुरुवारी येते आणि दर गुरुवारी आपलं नाव सांगते. बरणीबद्दल विचारलं तर नुसती मान हलवून गोड हसले. कॉफीबद्दल आभार मानले. खुर्चीबद्दलही मानले.

परतताना योकेबाई सहज बोलून गेल्या. मुलगी घर आवरायला आली त्या दिवसापर्यंत हेंकला अधूनमधून आठवायचं. शेडमध्ये बरणीपाशी जाऊन बसायचा, बोट घालून चाखायचा, मग बायकोच्या नावाने रडायचा. मुलीला ते बघवेना. तिने बरणी फ्लीटमध्ये ओतली आणि घासून ठेवली. त्या दिवसानंतर मात्र काहीच नाही. डबीतलं तेवढं तिला सापडलं नसावं.

तेवढं मी पहिल्याच घाण्यात ओतलं होतं.

म्हणजे जे खाली बसतं ते परत देता येतं. बरणी शाबूत आहे. माझा जीव भांड्यात पडला.

रविवार, ८ फेब्रुवारी

त्याला देण्याआधी स्वतः चाखायचं ठरवलं. अगदी वरच्या फिकट थराचा अर्धा चमचा. कडू नव्हता. मग डोळ्यांसमोर कॉलेजचं कॅन्टीन आलं. कोपऱ्यातल्या टेबलावर एक मुलगी चहात खारी बुडवत होती. खारी तुटून चहात पडली, तिने इकडेतिकडे पाहिलं आणि बोटाने काढून खाल्ली. ती मी. बारा वर्षांपूर्वीची मी, लांबून, त्याच्या डोळ्यांनी. हिच्याशी आपण बोलायचंच, असं छातीत धडधडत होतं. ती धडधड त्याची होती.

सगळ्यांत शेवटी खाली बसले ती मी आहे. म्हणून मी सगळ्यांत वर आहे.

त्याला चमचा दिला तर वास घेऊन बाजूला सारला. मी छान आहे, म्हणाला, मला याची काय गरज? जेवणात घालून द्यावं लागेल. वरून खाली, एकेक थर. आधी चांगलं सगळं. काळा थर शेवटी. त्याला तोवर मी सांभाळू शकेन.

सोमवार, ९ फेब्रुवारी

वरणात एक चमचा घातला. जेवता जेवता त्याने मान वर केली. माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, नीरू, तुझे केस किती वाढलेत.

उद्या दोन चमचे.

मंगळवार, १० फेब्रुवारी

बरणी रिकामी आहे.

मी ऑफिसातून आले तर शेड लखलखीत. वास येत होता म्हणाला. तू एवढी दमतेस, म्हटलं आपण काहीतरी मदत करावी. सोडा घालून गरम पाण्याने तीनदा धुतली. साका ओल्या कचऱ्याच्या हिरव्या डब्यात ओतला, डबा रस्त्यावर ठेवला. मंगळवारी सकाळी गाडी येते ना.

मी डबा आडवा करून पाहिला. आतही धुतला होता. सायकल काढून गाडीमागे, कुठल्या गाडीमागे, ती सकाळीच

त्याने मला घरात आणलं, टॉवेल दिला. रडू नका म्हणाला. त्याने मला अहो-जाहो केलं.

रविवार, १५ फेब्रुवारी

आज सकाळी दाराशी माझी बॅग. नीट भरलेली. कपड्यांच्या घड्या, वर ही वही, तिच्यावर चष्म्याची केस. तुम्ही बरेच दिवस राहिलात म्हणाला, बरं वाटलं, पण घरी वाट बघत असतील. न्यायला कोणी येणार आहे, की स्टेशनवर सोडू?

मी म्हटलं माझं घर हेच आहे. त्याने मान हलवली. वृद्धाश्रमातल्या त्या माणसासारखी. अगदी तशीच.

फ्रिजमध्ये लोणच्यामागे डबी आहे. दोन चमचे. मी ते अगदी तळातून काढले होते. त्यात काय आहे ते मला माहीत आहे. उसाचा वास. तेवढंच आहे. बाकी त्याचं काहीच कुठे नाही.

देणार नाही. असं कोणी कोणाला देत नाही.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

आज त्याने स्वतःचं नाव मला विचारलं. भीती नाही, घाई नाही. फॉर्म भरायचा असल्यासारखं. मी सांगितलं. आभार मानले.

तो बसलेला असतो तिथे आता कोणी बसलेलं वाटत नाही.

शनिवार, २१ फेब्रुवारी

दिलं. ताकात.

सकाळी दहा वाजता. आधी काही नाही. मग दोन्ही हात टेबलावर, समोर, गोल धरल्यासारखे. पाय हलला. शेजारी वळला, माझ्याकडे, आणि हसला. बारा दिवसांत पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत कोणीतरी होतं. म्हणाला, बेल्ट लाव रे मधू.

मी म्हटलं मी नीरजा. त्याला ऐकू गेलं नाही. मिसळ, कट, जादा पाव. मामांच्या नकलेवर हसत होता. मी नक्कल करत नव्हते. मग मान वळली, आणि

तो आवाज मी लिहू शकत नाही.

मग शांत. मग हात पुन्हा समोर. बेल्ट लाव रे मधू.

अकरा मिनिटं. घड्याळ लावून पाहिलं. दुपारपर्यंत सोळा वेळा. दर वेळी त्याला माहीत नसतं. दर वेळी तो तितकाच आनंदात निघतो. इमर्जन्सीला फोन केला, मारहाण करत नसेल तर सोमवारी आणा म्हणाले.

मी हे केलं. त्याच्यातलं सगळं चांगलं वाहून जाऊ दिलं आणि हे एवढंच परत केलं. हे मी केलं.

रविवार, २२ फेब्रुवारी

सकाळ. किल्ली खुंटीवर नाही. तो बाहेर, लाल गाडीपाशी. मला हाका मारतोय. मधू, चल, मिसळ संपेल.

किल्ली मागितली. हसला. घट्ट धरून आहे. एकटा गेला तर

विचार केला. त्याच्याजवळ आहे ते वळणापाशी संपतं, म्हणून पुन्हा सुरुवातीला जातं. या वेळी गाडी कुठेतरी पोहोचली तर? थांबली, उतरलो, काहीतरी खाल्लं, तर पुढे एक दिवस असेल. त्यावर दुसरा. मी शेजारी बसते. बोलायचं नाही. मी बोलले नाही तर तो माझ्याकडे बघणार नाही.

बसले. वही मांडीवर. हाताला काहीतरी हवं.

चांगला चालवतोय. रस्ता मोकळा. कालव्याच्या कडेने. योकेबाई दारात होत्या, हात केला. त्यालाही केला त्यांनी.

चार मिनिटं.

शीळ घालतोय. मी गप्प आहे. पण तो मध्येच हसतो. त्याला नक्कल ऐकू येतेय. मी बोलत नाही तरी येतेय.

आठ. थांब म्हटलं. हातावर हात ठेवला. तो म्हणाला, मधू, गुदगुल्या नको रे.

हँडब्रेक. जोर लावतेय. हलत नाही, त्याचा हात वर

दहा. पुढे वळण. वळणावर पूल. घंटा वाजतेय. लाल दिवे. पूल वर उचलला जातोय, बोट येतेय, दांडा खाली

समोर बघ देवदत्त, समोर बघ

तो वळला. माझ्याकडे बघतोय. हसतोय. किती दिवसांनी तो माझ्याकडे बघून असा —